गाळाच्या खडकाचं मूळ उजेडावरून शोधायचं असेल तर: तळाशिलची वाळू, कासार्ड्याचा क्वार्टझाइट आणि करळ

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कुणीही वाचलं तरी धागा लागेल. विचारणारी मुलगी मालवणची, एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्याकडं तीन सॅम्पल आहेत, एक तळाशिल-तोंडवळीच्या पट्टीवरची वाळू, दुसरा कासार्ड्याच्या सिलिका खाणीतला पांढरट क्वार्टझाइट (क्वार्टझच्या, म्हणजे गारगोटीच्या दाण्यांचा घट्ट खडक), आणि तिसरा दापोलीकडच्या किनाऱ्यावरचा करळाचा, म्हणजे चुन्यानं जागेवरच घट्ट झालेल्या वाळू-शिंपल्यांचा तुकडा. ऑनलाइन 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मागवला, रात्री लाइट घालवून तिन्हीवर मारला, करळ जागोजागी चमकला, वाळूत थोडे दाणे चमकले आणि क्वार्टझाइट ठार काळा. आता तिला विचारायचंय की ल्युमिनेसन्सवरून, म्हणजे दाण्यातून निघणाऱ्या उजेडावरून, गाळाचा खडक कुठून आला हे काढतात ते नक्की कसं, टॉर्चवर भागेल का, आणि तिच्या गाइडनं सांगितलेलं "तपकिरी क्वार्टझ म्हणजे मेटामॉर्फिक" (उष्णता-दाबानं बदललेल्या खडकातलं) हे डोळे मिटून धरायचं का.

सरळ उत्तर देतो. टॉर्चवर भागणार नाही. आणि तपकिरी म्हणजे मेटामॉर्फिक हे अर्धं खरं आहे, आणि कोकणात तर नेमका जो अर्धा भाग खोटा आहे तोच आडवा येतो. दाण्याचा उजेड त्याचा जन्म कसा झाला ते सांगतो, म्हणजे किती तापमानाला, कुठल्या द्रवातून, आत काय भेसळ घेऊन. त्याचं गाव सांगत नाही. गाव तुलाच काढायचंय, नदीच्या पाणलोटातले सगळे संभाव्य खडक एकेक करून त्याच मशीनखाली घालून.

आता टॉर्चचं आधी संपवून टाकू. 365 च्या टॉर्चखाली शुद्ध क्वार्टझ चमकत नाही, त्यामुळं तुझा क्वार्टझाइट काळा दिसला यात काही विशेष नाही. वाळूत जे निळसर पांढरं चमकलं ते बहुतेक शिंपल्यांचे तुकडे, त्यांच्यातल्या सेंद्रिय भागामुळं, शिवाय प्लॅस्टिकचे कण, जाळ्याचा नायलॉन, आणि तुझ्या ओढणीचे धागे, कपड्याच्या साबणात ब्राइटनर असतो तो यूव्हीखाली भगभगीत दिसतो. स्वस्त टॉर्चमधून जांभळा उजेड पण बाहेर पडतो, तो दाण्यावरून नुसता परावर्तित होतो आणि आपल्याला वाटतं चमकतंय, म्हणून पुढं काळा फिल्टर लावलेला टॉर्च हवा. टॉर्चचा खरा उपयोग फील्डवर कॅल्साइट शोधायला. बेसॉल्टच्या पोकळ्यांमधले झिओलाइट आणि कॅल्साइट कधी कधी मस्त चमकतात, आणि करळात शिंपला कुठं नि सिमेंट कुठं याचा पहिला अंदाज येतो. अजून एक, रात्री सड्यावर फिरणार असशील तर टॉर्च चालू ठेवच, विंचू यूव्हीखाली हिरवानिळा चमकतो आणि कातळावर ते असतातच.

प्रोव्हेनन्सच्या, म्हणजे गाळाचं मूळ शोधायच्या कामाला लागतं ते कॅथोडोल्युमिनेसन्स, पुढं नुसतं सीएल म्हणतो. यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत मारतात, व्हॅक्यूममध्ये, साधारण 10 ते 20 किलोव्होल्टवर. स्फटिकाच्या जाळीत कुठं एखादा अणू जागेवर नसतो, कुठं सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम घुसलेलं असतं, कुठं ऑक्सिजनचा बंध तुटका असतो, आणि झोतानं उडालेले इलेक्ट्रॉन अशा जागांवर परत बसताना जी ऊर्जा सोडतात ती आपल्याला रंग म्हणून दिसते. म्हणजे उजेड देतो तो स्फटिकातला दोष आणि भेसळ. एकदम शुद्ध आणि निर्दोष स्फटिक असता तर बघायला फारसं काही उरलंच नसतं. क्वार्टझमध्ये मुख्य दोन पट्टे, एक 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि एक 620 ते 650 चा तांबडा, यांचं प्रमाण बदललं की डोळ्याला निळं, जांभळं, तांबूस, तपकिरी असं दिसतं. कार्बोनेटमध्ये गोष्ट सोपी आहे, तिथं मँगनीज दिवा लावतं आणि लोह विझवतं.

1968 साली सिपेलनं वालुकाश्मावर हे वापरून दाखवलं आणि 1978 साली जर्मनीत झिंकर्नागेलनं क्वार्टझचे रंग आणि मूळ खडक यांची जोडी लावली, तीच जोडी आजही सगळ्या वर्गांत शिकवतात. निळसर जांभळं असेल तर ज्वालामुखी खडक, पटकन थंड झालेले प्लुटोनिक (जमिनीखाली थिजलेले), उच्च तापमानाचे मेटामॉर्फिक. तपकिरी असेल तर कमी-मध्यम तापमानाचं प्रादेशिक मेटामॉर्फिझम. आणि अजिबात उजेड नसेल तर गाळातच वाढलेलं क्वार्टझ, म्हणजे सिमेंट. तुझ्या गाइडचं वाक्य इथून आलंय. पुढं खूप लोकांनी हजारो दाणे बघितले तेव्हा लक्षात आलं की रंगांची सरमिसळ फार आहे, हळूहळू थंड झालेला खोल ग्रॅनाइटसुद्धा तपकिरी दाखवतो, आणि एकाच स्लाइडमध्ये एकाच ग्रॅनाइटच्या दाण्यांचे दोन-तीन रंग निघतात. 2002 मध्ये बॉग्स आणि सहकाऱ्यांनी हे आकडे मांडून दाखवलं की नुसत्या रंगावर मूळ ठरवू नका. झिंकर्नागेलचं काम त्यामुळं रद्द होत नाही, पण रंग हा पुरावा आहे, निकाल नव्हे, एवढं धरून चालायचं.

आता कोकणावर येऊ कारण इथं भूगोल आपल्याला बऱ्यापैकी फुकटची मदत करतो. सावित्री, वाशिष्ठीच्या पट्ट्यात वर सह्याद्री बेसॉल्टचा, खाली किनाऱ्यापर्यंत बेसॉल्ट, त्यावर जांभा. बेसॉल्टमध्ये मूळचं क्वार्टझ नसतंच म्हटलं तरी चालेल, जे असतं ते पोकळ्यांमध्ये नंतर भरलेलं, अगेट, कॅल्सेडनी, छोटे गारगोटीचे स्फटिक. म्हणजे त्या भागातल्या वाळूत स्वच्छ गोलसर क्वार्टझचा दाणा मिळाला तर तिथंच थांबून विचार करायचा की हा आला कुठून. पोकळीतलं कॅल्सेडनी असेल तर साध्या मायक्रोस्कोपखालीच तंतू दिसतात आणि सीएलमध्ये बऱ्याचदा पिवळट पट्टा येतो, साधारण 580 नॅनोमीटरचा, त्यामुळं ते ओळखणं अवघड नाही.

दक्षिणेकडं सिंधुदुर्गात शिरलो की चित्र पालटतं. घाटमाथ्यावर बेसॉल्टच, पण त्याच्या खालून जुनं सगळं उघडं पडलंय, कलादगी या जुन्या खडकगटाचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, त्याखाली आणखी जुन्या आर्कियन काळातले नीस आणि शिस्ट (दोन्ही मेटामॉर्फिक), ग्रॅनाइट, आणि रेडीकडं लोहखनिजाचे पट्टे. तळाशिलची पट्टी गड नदीच्या तोंडाशी आहे, गड नदी कणकवलीवरून येते, तिला जानवली मिळते, आणि फोंडा-कणकवली भागात कलादगी आहेच. म्हणजे तुझ्या वाळूतल्या क्वार्टझचे उमेदवार मोजकेच झाले. नीस-ग्रॅनाइट, शिस्टमधल्या गारेच्या शिरा, कलादगी, आणि बेसॉल्टच्या पोकळ्या. जांभा पाचवा म्हणायचा तर म्हण पण तो स्वतः क्वार्टझ तयार करत नाही, खालच्या खडकातलं क्वार्टझ अंगात धरून बसतो आणि नंतर सोडतो. शिवाय किनाऱ्याला समांतर लाटांनी सरकत आलेली वाळू, ती कुठल्या नदीची ते वेगळं बघायचं.

इथं गंमत काय आहे बघ. नीस बहुधा तपकिरी देणार. कलादगीचे दाणे आले कुठून? त्याच जुन्या नीस-ग्रॅनाइटमधून, त्यानंतरच्या प्रोटेरोझोइक काळात झिजून. म्हणजे तेही बहुधा तपकिरीच देणार. रंगावर दोन्हीत फरक करायला गेलीस तर अख्खं डिझर्टेशन तिथंच बुडालं. आणि नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, दाणा थेट मूळ खडकातून आलाय की एकदा वालुकाश्म होऊन परत फुटून आलाय.

याचं उत्तर रंगात नाही, दाण्याच्या कडेला आहे. कासार्ड्याचा क्वार्टझाइट साध्या मायक्रोस्कोपखाली बघ, सगळे दाणे एकमेकांत घट्ट अडकलेले दिसतील, कडा वाकड्यातिकड्या, वाटेल की प्रचंड दाब पडून चेपलेत. तोच स्लाइड सीएलखाली घाल. मधले दाणे तपकिरी-निळसर उजळतात आणि त्यांच्या कडा चक्क गोल असतात, आणि मधली सगळी जागा काळी, जवळजवळ विझलेली. ती काळी जागा म्हणजे नंतर वाढलेलं क्वार्टझ, ओव्हरग्रोथ, जे मूळ दाण्याच्याच जाळीला धरून वाढलं म्हणून साध्या प्रकाशात दोघांची सीमा दिसत नाही. नशिबानं कधी धुळीची बारीक रेघ मधे अडकलेली असते, तेवढाच काय तो पत्ता. म्हणजे जे चेपणं वाटत होतं ते बहुतांश सिमेंट होतं, आणि मूळ वाळूचा खरा आकार नि साइज तुला पहिल्यांदा सीएलनं दाखवला. मला विचारशील तर क्वार्टझवरच्या सीएलचं सगळ्यात पक्कं काम हेच आहे, रंगावरून मूळ ओळखणं त्याच्या बरंच मागं.

आता हा क्वार्टझाइट फुटला आणि त्याचे दाणे नदीत आले. जुना वाडा पाडून त्याचे चिरे नव्या घराला लावतात तेव्हा चिऱ्याच्या एखाद्या बाजूला जुना चुना चिकटून राहिलेला दिसतो ना, तसं या दाण्यांच्या अंगावर काळ्या ओव्हरग्रोथचा तुकडा शिल्लक राहतो, आणि नदीनं घासल्यामुळं तो तुकडाही गोल झालेला असतो. वाळूच्या दाण्यात आत उजळ गाभा, बाहेर काळी साल, आणि सालीची बाहेरची कडा घासलेली, असं दिसलं की तो दाणा सेकंडहँड. कडा धारदार आणि स्फटिकासारखी सपाट असेल तर मात्र ती साल तिथंच वाळूत वाढलेली असू शकते, त्यामुळं घासलेली कडा हाच मुद्दा. मात्र उलटं वाचू नको. साल नाही म्हणून तो थेट नीसमधूनच आला असं म्हणता येत नाही, कारण साल झिजून पूर्ण जाऊ शकते, म्हणून साल असलेल्या दाण्यांचं प्रमाण ही कलादगीच्या वाट्याची खालची मर्यादा समजायची.

दुसरी गोष्ट टेक्श्चर. साध्या सीएल मायक्रोस्कोपला रंग दिसतो, एसईएमला (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) लावलेल्या सीएल डिटेक्टरला बारीक नक्षी दिसते, बहुतेक वेळा काळ्यापांढऱ्यात. ज्वालामुखी क्वार्टझमध्ये एकाआड एक वाढीचे पट्टे, प्लुटोनिकमध्ये भरून निघालेल्या सूक्ष्म भेगांच्या काळ्या रेघा आणि ढगाळ डाग, मेटामॉर्फिकमध्ये एकसारखं मळकट पांघरूण किंवा पॅची दिसतं. 1997 साली सेयेदोलाली आणि मंडळींनी याच नक्षीवर प्रोव्हेनन्स लावून दाखवलाय आणि माझ्या मते रंगापेक्षा हे जास्त टिकतं. तुझ्या वाळूत ज्वालामुखी पट्टे असलेला दाणा निघाला तर मला जरूर कळव पण आधी तिथं बांधकामाची वाळू कुणी ओतली नव्हती ना ते बघ, जेटी, धूपप्रतिबंधक बंधारे, रिसॉर्ट, सगळीकडं ट्रकनं बाहेरची वाळू येते. सिलिका वाहून नेणाऱ्या ट्रकमधूनही रस्त्याकडेला सांडतेच, त्यामुळं पुलाखाली सॅम्पल घेऊ नको, वर जा.

गारेच्या शिरांचं क्वार्टझ ओळखायची एक युक्ती आहे आणि ती बऱ्याच जणांची निसटते कारण घाई. गरम पाण्यातून वाढलेल्या क्वार्टझचा रंग सुरुवातीला हिरवट किंवा निळसर हिरवा असतो आणि झोताखाली तो टिकत नाही, अर्धा-एक मिनिटात विझून तांबूस तपकिरी होतो. आता बहुतेक लोक काय करतात, झोत चालू करतात, फोकस लावतात, एक्स्पोजर जुळवतात, मग फोटो काढतात, तोवर हिरवा गेलेला असतो आणि दाणा "तपकिरी, मेटामॉर्फिक" म्हणून वहीत जातो. म्हणून फोकस शेजारच्या जागेवर लाव, मग स्लाइड सरकव, पहिल्या काही सेकंदांत एक फोटो, मिनिटानं दुसरा, दोन्ही जपून ठेव. दोन फोटोंत रंग बदलला ते दाणे वेगळ्या कॉलममध्ये. शिस्टच्या भागात पांढऱ्या गारेचे खडे शेतात पसरलेले असतात ते तू बघितलेच असशील, त्यांचाच एक स्लाइड करून आधी डोळा तयार कर.

फेल्डस्पारचा, म्हणजे ग्रॅनाइट-नीसमधल्या दुसऱ्या मुख्य खनिजाचा, मुद्दा थोडक्यात पण महत्त्वाचा. पोटॅश फेल्डस्पार सीएलमध्ये झकास निळा, प्लॅजिओक्लेज हिरवट पिवळा, आणि लोह जास्त असेल तर तांबड्याकडं झुकणारा. उजेड भरपूर, साध्या कोल्ड कॅथोड (तार न तापवता झोत देणाऱ्या) मशीनवरही पटकन दिसतो, क्वार्टझसारखं अंधारात डोळे ताणायला लागत नाहीत. निळे दाणे दिसले तर बहुधा ग्रॅनाइट-नीसचा वाटा आहे, बेसॉल्टकडून ते सहसा येत नाहीत. पण कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली जांभा होईपर्यंत कुजलेला खडक, फेल्डस्पार तिथल्या तिथंच केओलिन (पांढरी चिकणमाती) होऊन जातं. तेव्हा फेल्डस्पार मिळालं नाही याचा अर्थ मूळ खडकात ते नव्हतं असा काढायचा नाही, हवामानानं खाल्लं असाच काढायचा. आणि केओलिनसुद्धा गडद निळा उजेड देतं, त्यामुळं दाण्याच्या आत ठिपक्याठिपक्यांनी निळं दिसलं तर साध्या प्रकाशात परत जाऊन खात्री कर, नाहीतर कुजलेलं फेल्डस्पार ताज्यात मोजलं जाईल.

जड खनिजांत झिरकॉन. सीएलमध्ये त्याच्या वाढीचे पट्टे इतके स्पष्ट येतात की वय काढायला लेझर कुठं मारायचा ते लोक आधी सीएल फोटोवर ठरवतात, गाभा जुना आणि कडा नवी असेल तर दोन्ही मिसळून भलतंच वय येतं म्हणून. वय काढायला पैसे आणि ओळखी लागतात, ते एमएस्सीत जमेलच असं नाही, पण गोल झालेले झिरकॉन आणि टोकदार झिरकॉन यांचं प्रमाण तरी मोज, पुनर्वापर झालेल्या गाळाचा अंदाज त्यातूनही येतो. अ‍ॅपटाइट सुंदर पिवळं चमकतं पण आम्लधर्मी जांभ्याच्या मातीत टिकत नाही. आणि रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्याच्या काळ्या वाळूवर सीएल करू का असं तू शेवटी विचारलंयस, तर नको. ती इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची वाळू, बेसॉल्टमधून आलेली, लोहानं भरलेली अपारदर्शक खनिजं, काहीच उजेड देत नाहीत. तिथं चुंबक आणि केमिस्ट्री वापरतात.

करळाचं वेगळं. तुझ्या तुकड्यात जे चमकलं त्याचा प्रोव्हेनन्सशी संबंध कमी आणि सिमेंटच्या इतिहासाशी जास्त. करळ म्हणजे पुस्तकातला बीचरॉक, किनाऱ्यावरची वाळू नि शिंपले चुन्यानं जागेवरच घट्ट झालेले. त्यात दाणे दोन तऱ्हेचे, शिंपल्यांचे तुकडे आणि बेसॉल्टचे काळे कण, कुठं क्वार्टझ. सीएलखाली अ‍ॅरागोनाइटचा मूळ शिंपला टिकला असेल तर मंद हिरवट उजेड देऊ शकतो, कॅल्साइट झालेला नारिंगी. सिमेंटमध्ये बघायचं ते असं. ऑक्सिजन भरपूर असलेल्या समुद्राच्या पाण्यात मँगनीज कॅल्साइटच्या जाळीत शिरेल अशा रूपात फारसं उरत नाही, त्यामुळं दाण्यांभोवती सुयांसारखं वाढलेलं पहिलं समुद्री सिमेंट बहुतेक काळंच राहतं. नंतर किनारा वर आला किंवा गोड्या पाण्याची पातळी तिथवर आली आणि पाण्यातला ऑक्सिजन संपला की मँगनीज विरघळतं, कॅल्साइटमध्ये घुसतं, आणि त्याच पोकळीत आतल्या बाजूला नारिंगी थर चढतो. लोह पण सोबत शिरलं तर तो थर परत मंद होतो. एका पोकळीत बाहेरून आत काळा, नारिंगी, मंद असा क्रम सापडला तर समुद्र ते गोडं पाणी असा प्रवास एका मिलिमीटरच्या आत वाचता येतो. हा क्रम एका पोकळीवर ठरवू नको, स्लाइडभर तोच येतोय का बघ. आणि नारिंगी म्हणजे गोडं पाणी असं समीकरण पाठ करू नको, उजेड मँगनीज आणि लोहाचा आहे, पाण्याच्या चवीचा नाही.

आता ल्युमिनेसन्सचा दुसरा प्रकार, जो तुझ्या प्रश्नात नव्हता पण तुझ्या कामाला कदाचित जास्त बसेल. ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स), म्हणजे दाण्यात साठलेला उजेड. जमिनीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गानं इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या सापळ्यात अडकत राहतात, उन्हात आले की सुटतात, पुरले की परत अडकतात. 1985 मध्ये हंटली आणि सहकाऱ्यांनी यावरून गाळाचं वय काढता येतं हे दाखवलं आणि आज ओएसएल म्हटलं की सगळ्यांना वयच आठवतं. आपल्याकडं अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आणि डेहराडूनची वाडिया इन्स्टिट्यूट ही यातली जुनी नावं.

पण वय बाजूला ठेव. तेवढाच किरणोत्सर्गाचा डोस दिला तरी एका ठिकाणचं क्वार्टझ भरपूर उजेड देतं आणि दुसऱ्या ठिकाणचं अगदी किंचित, याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, आणि हा फरक कित्येक पटींचा असतो. थेट ग्रॅनाइट-नीसमधून नुकतं सुटलेलं क्वार्टझ बहुधा मंद असतं. जे दाणे अनेकदा पुरले गेले, उघडे पडले, उन्हात तापले, परत पुरले, ते हळूहळू तेज होत जातात, नदीतल्या दाण्यांवर हे मोजून दाखवलेलं आहे. मग विचार कर, गड नदी तशी आखूड, घाटातून सुटलं की समुद्र दूर नाही, वाटेत दाण्याला तेज व्हायला वेळच नाही. म्हणजे तळाशिलच्या वाळूत तेज क्वार्टझ निघालं तर ते तेज नदीनं दिलेलं नसून दाणा ते सोबत घेऊन आलाय असं म्हणायला जागा आहे, मग कलादगीसारख्या जुन्या वालुकाश्माकडं बोट दाखवता येतं. हे माझं अनुमान आहे, तपासायला लायक आहे, गृहीत धरायला नाही.

यात एक खोट आहे ती आधीच लक्षात घे. तापवलं की क्वार्टझ तेज होतं, काही शे अंशांना भरपूर. कलादगीच्या डोक्यावर डेक्कनचा लाव्हा पसरला तेव्हा तो 1100 ते 1200 अंशांचा होता, त्यामुळं संपर्कातला पातळ थर भाजला गेला असणार, तो थर सॅम्पलमध्ये घेऊ नको. आणि आपल्याकडं भाजावळ करतात, कवळं आणि पाला पसरून जमीन भाजतात, त्या शेतातली वरची माती पावसात ओढ्यात जाते. वणवे पण आहेत. म्हणून मूळ खडकाचं सॅम्पल मातीतून न घेता खडक फोडून आतून घे. फोडताना हातोडा घाल बिनधास्त, सेन्सिटिव्हिटीला अंधार पाळायची गरज नाही कारण लॅबमध्ये जुना सिग्नल आधी पूर्ण पुसूनच नवा डोस देतात. काळा पाइप ठोकून अंधारात सॅम्पल घ्यायचा तो वयासाठी.

स्लाइडबद्दल चार गोष्टी सांगतो कारण काम बहुतेक तिथंच बिघडतं. सगळ्या सॅम्पलमधून एकाच साइजचे दाणे घे, समजा 250 ते 500 मायक्रॉन, नाहीतर जाड दाणे एका खडकाचे आणि बारीक दुसऱ्याचे असं होऊन तुलनाच फसते. वाळूतले शिंपले सौम्य अ‍ॅसिडनं काढतेस तेव्हा आधी एक वाटा अ‍ॅसिड न लावता बाजूला ठेव, अ‍ॅसिडमध्ये अ‍ॅपटाइट पण जातं. दाणे इपॉक्सीत बसवून वर कव्हर स्लिप न लावता डायमंड पेस्टनं आरशासारखं पॉलिश कर, ओरखडे सीएलमध्ये भेगांसारखे दिसतात. इपॉक्सी स्वतः निळसर उजेड देते, ते फेल्डस्पार नव्हे. जुने कॅनडा बाल्समचे स्लाइड व्हॅक्यूममध्ये घालू नको, बुडबुडे येतात आणि चेंबर घाण होतं. किलोव्होल्ट, करंट, एक्स्पोजर सगळ्या स्लाइडना एकच, कॅमेऱ्याचा ऑटो मोड बंद, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लॉक. नाहीतर तुझा निळा आणि दुसऱ्याचा निळा कधीच जुळणार नाही. प्रत्येक सॅम्पलचे 300 दाणे तरी मोज. एसईएम बऱ्याच कॉलेज-युनिव्हर्सिटींत असतं पण त्याला सीएल डिटेक्टर असेलच असं नाही, प्रवासाचं तिकीट काढायच्या आधी फोन करून नीट विचार, "एसईएम आहे का" एवढंच विचारलंस तर हो म्हणतील. आणि कोल्ड कॅथोडचं मशीन मिळालं तर फेल्डस्पार-कार्बोनेट छान होईल, तपकिरी क्वार्टझ मात्र त्यात जेमतेम दिसतं, त्यासाठी हॉट कॅथोड किंवा एसईएमच.

तर तुझ्या डिझर्टेशनचा विषय "सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील वाळूचा प्रोव्हेनन्स" असा भलामोठा ठेवू नको. तळाशिलच्या वाळूतल्या क्वार्टझमध्ये कलादगीचा वाटा किमान किती, एवढाच प्रश्न धर. कासार्ड्याचा तुकडा हाताशी आहेच, पण गड नदीच्या पाणलोटातल्या कलादगीचा वेगळा घे, नीसचा एक, गारेच्या शिरेचा एक, बेसॉल्टच्या पोकळीतल्या क्वार्टझचा एक, आणि नदीच्या पात्रातले दोन, एक कणकवलीच्या वर आणि एक भरतीचं पाणी पोचतं त्याच्याही वर. करळ या कामातून काढून टाक, तो दापोलीचा आहे, इथं त्याचं काही काम नाही, त्यावर वेगळा छोटा पेपर होईल. पात्रातले सॅम्पल मे महिन्यात पाणी आटल्यावर घे, मिरगाचा पाऊस लागला की नदीत उतरता येणार नाही आणि पट्टीवरची वाळूही जागेवर राहणार नाही.